साने गुरुजी आणि फैजपूरचे अधिवेशन

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : पालगड, जिल्हा रत्नागिरी, २४ डिसेंबर १८९९, मृत्यू : मुंबई, ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक व समाजसेवक होते. ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून ते घरोघरी परिचित आहेत. मात्र त्यांच्या सार्वजनिक जीवनाची जडणघडण कोकणात नव्हे, तर खानदेशात झाली. अमळनेरची शाळा, धुळ्याचा तुरुंग आणि फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन ही त्या जडणघडणीची तीन ठिकाणे होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा घेताना डिसेंबर १९३६ मधील फैजपूर अधिवेशनावर अधिक भर दिला आहे. कारण ग्रामीण भागात भरलेल्या काँग्रेसच्या या पहिल्या अधिवेशनात गुरुजींनी केलेल्या कामाचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत बहुधा एक-दोन ओळींतच आटोपला जातो.

बालपण व शिक्षण

गुरुजींचे वडील सदाशिवराव हे पालगडच्या खोत घराण्यातले. घराण्याचे पूर्वीचे वैभव त्यांच्या काळापर्यंत ओसरले होते. आई यशोदाबाई यांचे इ.स. १९१७ मध्ये निधन झाले. आईच्या संस्कारांची कहाणी पुढे त्यांनी स्वतःच लिहिली असल्याने तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. पालगड, दापोली, औंध व पुणे असे फिरत, अनेकदा अर्धपोटी राहून त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून (आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) ते पदवीधर झाले. पुढे तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. करण्याच्या निमित्ताने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि खानदेशाशी त्यांचा संबंध जडला तो कायमचाच.

अमळनेर : शाळा व छात्रालय

अमळनेर हे तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील, बोरी नदीकाठचे, कापूस व गिरणी यांवर वाढलेले गाव. प्रताप शेठ यांच्या औदार्यातून तेथे शाळाही उभी राहिली आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्थाही. इ.स. १९२४ मध्ये गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले.

छात्रालयातील गुरुजी हा एक स्वतंत्र विषय आहे. मुले उठण्यापूर्वी त्यांच्या खोल्या झाडून ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणे, मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहिणे, ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. शिक्षकाने केर काढावा काय, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असणार, आजही पडतो. गुरुजींना तो पडला नाही. फैजपूरला त्यांनी पुढे जे केले, त्याचे बीज या छात्रालयात आहे.

इ.स. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी शाळेची नोकरी सोडली.

धुळे व नाशिक : तुरुंगातील वर्षे

सत्याग्रहात गुरुजींना प्रथम धुळ्याच्या व नंतर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दक्षिणेत निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कैद्यांचा सहवास घडला. आपण एका देशासाठी तुरुंगात आलो खरे, परंतु एकमेकांची भाषा जाणत नाही, याची खंत त्यांना तेथे लागली. तमिळ ‘कुरळ’चे मराठी भाषांतर व पुढची ‘आंतरभारती’ची कल्पना यांचे मूळ त्या अनुभवात आहे.

इ.स. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवारांची ही अठरा प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली. आज अनेक भाषांत वाचला जाणारा ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यांच्या त्या वेगवान लेखणीमुळे वाचला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली.

फैजपूर अधिवेशनाची पार्श्वभूमी

काँग्रेसची अधिवेशने इ.स. १८८५ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, कराची अशा मोठ्या शहरांत भरत आली होती. पाहुण्यांना उतरावयास घरे, येण्यास आगगाडी, दिव्यांना वीज आणि प्यावयास नळाचे पाणी या सोयी शहरांत आयत्या मिळत. देशातील बहुसंख्य लोक ज्या खेड्यांत राहतात, तेथे अधिवेशन भरावे, असा आग्रह महात्मा गांधींनी धरला. एप्रिल १९३६ मध्ये लखनौचे अधिवेशन झाले. त्यानंतरच्या अधिवेशनाचा मान महाराष्ट्राकडे आला आणि पूर्व खानदेशातील फैजपूरची निवड झाली.

फैजपूर हे आजच्या जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात, सातपुडा व तापी यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात आहे. काटेकोरपणे पाहता ते लहानसे खेडे नव्हते. सूत व कापड रंगविण्यासाठी पूर्वीपासून नाव असलेले, बाजारपेठेचे मोठे गाव होते. तरीही लखनौसारख्या शहराच्या मानाने ते खेडेच. जवळचे रेल्वे स्थानक सावदा हे भुसावळ–खंडवा मार्गावर. तेथून पुढे बैलगाडी, मोटार किंवा पायपीट.

काळही कठीण होता. इ.स. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. शेतसारा मात्र ठरलेला, आणि सावकाराचे व्याजही ठरलेले. अशा मुलखाने देशभरच्या पाहुण्यांना जेवू घालावयाचे होते. अधिवेशन फसले असते, तर खेड्यांना असली कामे झेपत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. स्वागताध्यक्ष शंकरराव देव, तसेच खानदेशातील अण्णासाहेब दास्ताने, धनाजी नाना चौधरी व त्यांचे सहकारी यांच्यापुढचा खरा प्रश्न हा होता.

अधिवेशनापूर्वीची भटकंती

या तयारीत गुरुजींच्या वाट्याला आलेले काम व्यासपीठावरचे नव्हते. अधिवेशन यशस्वी व्हावे यासाठी त्यांनी ग्रामीण भागात गावोगाव फिरून प्रचार केला. आपल्या तालुक्यात काय होऊ घातले आहे, ते का होत आहे आणि त्याचा नांगर धरणाऱ्या माणसाशी काय संबंध, हे शेतकऱ्यांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगणारा माणूस हवा होता. सभेत गुरुजी बोलू लागले की त्यांचे स्वतःचे डोळे भरून येत आणि ऐकणाऱ्यांचेही. पुढे काही समीक्षकांनी त्यांच्या साहित्यातील भावविवशतेला नावे ठेवली. कथा-कादंबऱ्यांपुरती ती टीका सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु गावोगावच्या पारावर हीच भावविवशता उपयोगाची ठरली, हे त्या टीकेत क्वचितच ध्यानात घेतले जाते.

खानदेशाच्या दृष्टीने इ.स. १९३६ हे वर्ष मोठे गजबजलेले होते. त्याच वर्षी जळगावला मराठी साहित्य संमेलन माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली भरले. एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी साहित्याचा आणि राजकारणाचा असे दोन मोठे मेळावे होण्याचा योग विरळाच म्हणावा लागेल.

टिळकनगर

अधिवेशनासाठी फैजपूरच्या शिवारात जी तात्पुरती वसाहत उभी राहिली, तिला लोकमान्यांच्या स्मरणार्थ ‘टिळकनगर’ असे नाव दिले होते. तिची कलात्मक मांडणी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली. आपण चित्रकार आहोत, बांधकाम करणारे नव्हे, म्हणून ते प्रारंभी कचरत होते. गांधीजींनी त्यांना तयार केले. गावात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावातल्या कारागिरांच्या हातून सारे उभे राहावे, ही अट होती. त्यामुळे बांबू, चटया, गवत व माती यांतूनच प्रवेशद्वारे, मंडप व झोपड्या तयार झाल्या. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांचा रथ सजविण्यात आला. पाहुणे येणार म्हणून शहराची नक्कल न करता, जे घरात आहे तेच नीटनेटके मांडावे, ही आपल्याकडील गृहिणीची रीत येथे राष्ट्रीय पातळीवर पाळली गेली. पुढे इ.स. १९३८ च्या गुजरातमधील हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी काढलेली चित्रे अधिक प्रसिद्ध झाली. तथापि ग्रामीण अधिवेशनाची घडी प्रथम बसली ती फैजपुरातच.

२५ डिसेंबर १९३६ रोजी गांधीजींच्या हस्ते खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. मुख्य अधिवेशन २७ व २८ डिसेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झाले. काँग्रेसचे हे ५० वे अधिवेशन. पहिले अधिवेशन जेथे भरले त्या मुंबईहून धावपटूंनी हातोहात पेटती ज्योत फैजपूरला आणली होती. ध्वजारोहणाच्या वेळी उंच खांबावर ध्वज मध्येच अडकला, तेव्हा एका तरुणाने खांबावर चढून तो मोकळा केला. ही आठवण खानदेशात अजून सांगितली जाते.

पाहुण्यांची गर्दी प्रतिनिधींपुरती मर्यादित राहिली नाही. नेहरूंना व गांधीजींना पाहण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या लोटल्या. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आले होते. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही त्याच सुमारास तेथेच झाले, अध्यक्ष एन. जी. रंगा होते. त्यासाठी शेतकऱ्यांचा एक मोर्चा मनमाडहून पायी चालत फैजपूरला आला. वाटेतील गावांतून घोषणा देत, मिळेल ते खात, तापीकाठच्या थंडीत मुक्काम करीत आलेल्या या शेतकऱ्यांचे स्वागत करण्यास नेहरूंसह अनेक पुढारी सामोरे गेले. अधिवेशनाचे निमंत्रण नसलेला पाहुणा तो हाच, आणि ज्याच्यासाठी खेडे निवडले तोही हाच.

सफाईचे काम

हजारो माणसे एका शिवारात काही दिवस राहावयाची, तर अन्नपाण्याइतकाच मोठा प्रश्न मलमूत्राचा असतो. शहरात तो नजरेआड होतो. उघड्या रानात चर खणावे लागतात, रोज माती लोटावी लागते, पाट्या वाहाव्या लागतात. यात हयगय झाली तर पटकीसारखी साथ पसरावयास दोन दिवस पुरतात. हे काम परंपरेने विशिष्ट जातींच्या माथी मारले गेलेले. गांधीजींच्या शिकवणीप्रमाणे ते स्वयंसेवकांनी करावयाचे होते.

साने गुरुजींनी फैजपूरला मैला वाहण्याचे व स्वच्छतेचे काम केले. मंडपात देशाच्या स्वातंत्र्याचे ठराव चालले होते, त्या वेळी एम.ए. झालेला, पुस्तकांमुळे नाव मिळू लागलेला, खोत घराण्यातील हा ब्राह्मण शिक्षक पाहुण्यांची घाण उचलीत होता. गुरुजींनी या कामाचा गवगवा केला नाही. गांधीजींचा विचार आपल्या जीवनात उतरतो की नाही, याची ती त्यांच्यापुरती परीक्षा होती. या कामाकडे निव्वळ नम्रता म्हणून पाहणे अपुरे आहे. जे काम केल्याने माणूस अस्पृश्य ठरतो, तेच काम उघडपणे केल्यावर अस्पृश्यतेला आधार उरत नाही. दहा वर्षांनी पंढरपूरला त्यांनी जे केले, ते याच विचाराचे पुढचे पाऊल होय.

फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम व त्यानंतर

फैजपूर अधिवेशनाचे ऐतिहासिक महत्त्व तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात आहे. खंड व शेतसारा यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, कर्जाचा भार हलका करणे, कुळांना जमिनीची शाश्वती, वेठबिगार व बेकायदा वसुली बंद करणे, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी, सहकारी शेतीला उत्तेजन आणि शेतकरी संघटनांना मान्यता अशी त्यातील कलमे होती. घटना समितीची मागणी व येऊ घातलेल्या निवडणुका लढविण्याचा निर्णय हेही विषय झाले.

अधिवेशन संपले, पाहुणे गेले, बांबूचे मंडप उतरले. जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आता ठराव आणि अंमलबजावणी यांमधले अंतर मोजण्याची वेळ होती. गुरुजींची अडचण अशी की, ज्या शेतकऱ्यांना त्यांनी अधिवेशनाचा अर्थ समजावून सांगितला होता, त्यांच्याच दारावरून त्यांना रोज जावे लागे. पुढारी मुंबईस परतू शकत होते. ते अमळनेरलाच होते.

पूर्व खानदेशातील पिके बुडाली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा यासाठी त्यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने चळवळ केली. एप्रिल १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी साप्ताहिक सुरू केले. त्याचे नावच ‘काँग्रेस’ होते. पक्षाच्या नावाच्या पत्रातून पक्षाच्याच सरकारला त्याच्या वचनांची आठवण करून देण्याची ही पद्धत विचार करण्यासारखी आहे. ते पक्षाचे शत्रू नव्हते आणि भाटही नव्हते. अमळनेर व धुळे येथील गिरणी कामगारांच्या संघटनाही त्यांनी उभ्या केल्या. ज्या गावात गिरणी, शाळा व तत्त्वज्ञान मंदिर यांना एकाच घराण्याचा आधार होता, त्या गावी शाळेतून बाहेर पडलेल्या शिक्षकाने गिरणीच्या दारात उभे राहणे सोपे नव्हते. त्यांच्या जीवनातील ही कोंडी चरित्रकारांनी अधिक तपशिलाने मांडावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या धामधुमीतही त्यांचे लेखन चालूच होते. ‘भारतीय संस्कृती’ हा ग्रंथ याच काळातला.

पंढरपूर व अखेरची वर्षे

इ.स. १९४२ च्या लढ्यात गुरुजी भूमिगत राहून काम करीत होते. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे हा प्रश्न हाती घेतला. आधी चार महिने महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकमत जागे केले. पुन्हा तीच फैजपूरपूर्वीची रीत : आधी गावोगाव फिरावयाचे, मग मागणी करावयाची. १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराज मठात त्यांनी उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. वारकऱ्यांच्या या सर्वांत मोठ्या मेळ्यात देव भेटतो तो कोणाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या प्राणांशी बांधला होता.

गांधीजींच्या हत्येने ते आतून हादरले. ही हत्या एका मराठी माणसाच्या हातून झाली, हे त्यांना विशेष लागले आणि त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. इ.स. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांकडे पाहुणे म्हणून जावे-यावे, ही ती कल्पना. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात लागलेली खंत तिच्यात दिसते. टिळकनगरात देशभरची माणसे खानदेशी भाकरीला बसली होती, त्याची आठवणही तिच्यात असावी.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीविषयीची निराशा हे त्याचे कारण म्हणून सामान्यतः सांगितले जाते.

स्मृती

प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर काढलेला चित्रपट इ.स. १९५३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. इ.स. १९५२ मध्ये, गुरुजींच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले. त्यानंतर ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा अमळनेरला भरले. अध्यक्ष रवींद्र शोभणे होते. संमेलनस्थळास साने गुरुजींचे नाव देण्यात आले होते. त्याच सुमारास गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले, त्यामुळे अमळनेरकरांना एकाच आठवड्यात दोन मेळाव्यांचे पाहुणे सांभाळावे लागले.